तुम्ही विचारलंत म्हणून : वायर लावली की मॉनिटर आपोआप कसे लागतात?

टिळकवाडीतल्या माझ्या ऑफिसात उतारे-खरेदीखतं भाषांतराला घेऊन येणारे हटकून विचारतात, "नुसती वायर लावलासा आणि दोन्ही मॉनिटर बरोबर लागले की! आमच्यात रोज सेटिंगमध्ये जाऊन डावं-उजवं करायला लागतंय."

माझं काम दोन पडद्यांचं. डावीकडे उभ्या मॉनिटरवर कन्नड उताऱ्याचं स्कॅन, उजवीकडे आडव्यावर मराठी. खानापूरला घरी एकच मॉनिटर, तोही लॅपटॉपच्या डोक्यावर. हे रोज हाताने बदलत कोण बसणार?

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात ईडीआयडी नावाची माहिती असते. मूळ तुकडा अवघा 128 बाइटचा, पण त्यात कंपनी, मॉडेल, बनवल्याचं साल, चालणारी रेझोल्यूशनं आणि बहुतेक वेळा सिरियल नंबरही. वायर जोडली की कॉम्प्युटर ती वाचतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा ऑटोरँडर हा फुकटातला प्रोग्रॅम त्यावरूनच मॉनिटर ओळखतो. एक्सरँडर या कमांडने किंवा सेटिंगमधून पडद्यांची मांडणी एकदा मनासारखी करायची आणि 'ऑफिस' नावाने सेव्ह करायची. घरी जाऊन 'घर'. पुढे काही जोडलं-काढलं की यूडेव्ह (जोडल्या-काढल्या उपकरणांवर लक्ष ठेवणारा लिनक्सचा भाग) ऑटोरँडरला उठवतो आणि जुळणारी मांडणी लागते. उभा मॉनिटर उभाच राहतो, हे मला सगळ्यात प्रिय.

वेलँडवर (लिनक्समधली पडद्यावर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था) मात्र ऑटोरँडरचं चालत नाही. तिथे स्वे हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी कांशी हा तसाच प्रोग्रॅम घ्यावा. ग्नोम, केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप आणि विंडोज यांचे नवे अवतार मांडणी आपली आपण लक्षात ठेवतात. त्यांचं भागत असेल तर उगाच काही बसवू नका.

आपल्याकडे लाइट जाते तेव्हा खरी गंमत. मॉनिटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. मी नुसत्या लॅपटॉपचीही एक मांडणी सेव्ह केली आहे, त्यामुळे उघडी फाइल अंधारात गेलेल्या पडद्यावर अडकत नाही, लॅपटॉपवर येते. लाइट आली की पुन्हा 'ऑफिस'.

एवढं करूनही मॉनिटर ओळखला जात नसेल, तर मधल्या स्वस्तातल्या व्हीजीए कन्व्हर्टरवर (जुन्या पद्धतीची वायर जोडायच्या डबीवर) संशय घ्या. काही कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती पुढे जाऊच देत नाहीत, स्वतःचीच दाखवतात. मग दोन वेगळे मॉनिटरही सारखेच दिसतात. आधी थेट वायर लावून बघा, सेटिंगला हात नंतर.