शेऱ्याचा रकाना

"माझा मुलगा पितो, हे सरकारला कुणी सांगितलं?"

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान, दुपारचे अडीच. केंद्रापासून 200 मीटरवर चुन्याची रेघ, रेघेच्या अलीकडे आमच्या उमेदवाराचं टेबल, टेबलावर टॅब. त्या टॅबवर बोट ठेवून पंचावन्नच्या आसपासच्या एक काकू विचारत होत्या. टॅबवरचा पोरगा माझ्याकडे बघत होता आणि मी प्रिंटरकडे.

मी मतदारयादीचं सॉफ्टवेअर करून विकतो. प्रचारातलं तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना रील, ड्रोन आणि एआय आठवतं. तेही असतं. उमेदवाराचा आवाज क्लोन करून प्रत्येक मतदाराला नाव घेऊन फोन लावायचा, असा डेमो आम्हीही दाखवला होता. साहेब खूश झाले. पण मजकूर आधी निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावा लागेल म्हटल्यावर त्यांच्या मॅनेजरने "राहू द्या भाऊ" म्हणून विषय संपवला. पण आमच्या धंद्याचं पोट भरतं ते यादीवर.

आयोग यादी पीडीएफमध्ये देतो, पण ती चित्राची पीडीएफ. एका पानावर 30 चौकटी, आणि त्यातलं एक अक्षरही कॉपी होत नाही. राज्यात 288 मतदारसंघ, प्रत्येकात सरासरी तीन लाखांवर मतदार, म्हणजे एका उमेदवारासाठी दहा हजारांवर पानं मशीनकडून वाचून घ्यायची. मशीन 'घ' आणि 'ध'मध्ये फसतं, 'थ' आणि 'य'मध्ये फसतं, ओळखपत्राच्या क्रमांकात इंग्रजी ओ आणि शून्य यांत फसतं. मुळात यादीतच नावं अशी छापलेली असतात की माणसाला स्वतःचं नाव ओळखू येऊ नये. त्यात लोकसभेनंतर केंद्रांची फेररचना झाली, भाग क्रमांक बदलले, मे महिन्यात बसवलेली घडी पुन्हा विस्कटली. त्या ऑक्टोबरात आम्ही चौघं ऑफिसातच झोपत होतो. आमच्या ॲपवर आडनाव चुकीचं टाकलं तरी माणूस सापडतो. ते जमवायला मला दोन निवडणुका लागल्या आहेत आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

प्रिंटरचंही तसंच. टेबलावर जो दोन इंची ब्लूटूथ प्रिंटर दिसतो, त्याला मराठी येत नाही. प्रत्येक चिठ्ठी आधी चित्र करून त्याच्याकडे पाठवावी लागते, आणि चित्र जड झालं की तो अर्ध्यावर मान टाकतो. प्रचाराच्या दिवसांत चिठ्ठीवर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह असतं. मतदानाच्या दिवशीची चिठ्ठी मात्र साध्या पांढऱ्या कागदावरच हवी आणि तिच्यावर नाव, अनुक्रमांक, भाग, केंद्र एवढंच चालतं. म्हणून 18 तारखेला संध्याकाळी सहाला प्रचार थांबला त्या मिनिटाला आमच्या सर्व्हरने सगळ्या टॅबवरून फोटो आणि चिन्ह काढून टाकलं. कार्यकर्त्यांनी फोनवरून शिव्या घातल्या. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीचं ॲप होतं, त्यांच्या चिठ्ठ्या मतदानादिवशीही फोटोसकट निघत होत्या. त्यांना कुणी काही विचारल्याचं मला दिसलं नाही.

एवढं सगळं करून गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "आडनावावरून जात काढून देता का?" जाधव, पवार, मोरे, गायकवाड ही आडनावं किती समाजांत आहेत, हे विचारणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तरी तो विचारतोच. आम्ही नाही म्हटलं की तो हो म्हणणाऱ्याकडे जातो. मग आम्ही मधला मार्ग काढला, रंगांचा. हिरवा आपला, तांबडा विरोधातला, पिवळा कुंपणावरचा. रंग भरायचं काम गल्लीतल्याच कार्यकर्त्याचं. आणि रंगाखाली एक रिकामा रकाना, 'शेरा'.

शेऱ्याची मागणी लोकसभेच्या वेळी आली. "हा मतदार पुण्याला असतो, गाडी लागेल", "आजी चालू शकत नाहीत, खुर्ची न्या", असं लिहायला जागा हवी होती. अर्ध्या तासाचं काम होतं. मी काही विचार न करता करून टाकलं.

तर त्या दुपारी. टॅबचं सर्व्हरशी सिंक अडकलं म्हणून मी टेबलाटेबलाने हिंडत होतो. काकू आल्या, त्यांनी नाव सांगितलं. त्या नावाच्या चौघी निघाल्या, दोघींचं तर नवऱ्याचं नावही एकच. एरवी ऑपरेटर वय विचारतो. या पोराने कंटाळून टॅबच त्यांच्यासमोर धरला, "काकू, यातलं तुमचं कुठलं ते बघा." काकूंनी वाकून चष्मा सावरला आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. टच स्क्रीन तो, नाव उघडलं. वर नाव, वय, घर क्रमांक, खाली तांबडी पट्टी, आणि पट्टीखाली:

"नवरा वारला. मुलगा पितो. दीर सांगेल तिकडे. वेळ घालवू नये."

त्यांनी ते शांतपणे, एकेक शब्द जोडत, थोडं मोठ्यानेच वाचलं. पाठीमागे दोन माणसं उभी होती. मग तो प्रश्न आला.

सरकारला. मला तो शब्द आधी कळलाच नाही. मग स्क्रीनच्या माथ्याकडे लक्ष गेलं. तिथे 'विधानसभा मतदारयादी 2024' असं लिहिलं होतं, आयोगाच्या यादीवर असतं त्यासारखंच. ते मीच तसं ठेवलं होतं, बघणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून.

"काकू, हे सरकारचं नाही, हे पक्षाच्या पोरांनी लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

"पण यादी सरकारची ना?"

"यादी सरकारची. लिहिलंय यांनी."

"मग आत बसलेल्या बाईंकडे पण हेच असणार."

"नाही हो, त्यांच्याकडे फक्त नाव आणि फोटो."

"आणि कुणाला दिलं ते?"

"ते कुणालाच दिसत नाही."

त्यांनी परत एकदा टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खरं बोलत होतो. पण समोर त्यांचा मुलगा पितो हे लिहिलेलं दिसत असताना मत कुणाला दिलं ते दिसत नाही, यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? मी त्यांच्या देखत शेरा खोडला. "गेलं," म्हणालो. तेही पूर्ण खरं नव्हतं. जुनी नोंद सर्व्हरवर राहते. कुणी, कधी, काय लिहिलं याचा माग आम्ही ठेवतो आणि विकताना तो गुण म्हणून सांगतो. त्या मागावर कार्यकर्त्याचा नंबर मला दिसत होता. त्यांच्याच गल्लीतला मुलगा.

तेवढ्यात चिठ्ठी प्रिंटरमधून बाहेर आली. काकूंनी ती घेतली नाही. "आधार आहे माझ्याकडे," म्हणाल्या आणि निघाल्या. केंद्राकडे की घराकडे, ते कळलं नाही. रस्ता पुढे एकच होता, वळण झाडामागे होतं. पोराने ती चिठ्ठी चुरगाळून टेबलाखाली टाकली आणि पुढच्याला नाव विचारलं.

आता मला जे सांगायची लाज वाटते ते. मी मतदान संपेपर्यंत त्यांचा अनुक्रमांक शोधत राहिलो.

मतदान झालेल्यांवर टिक पडते ती अशी. केंद्रात उमेदवाराचा प्रतिनिधी यादी घेऊन बसलेला असतो, आलेल्याच्या नंबरावर खूण करतो. आत मोबाईल चालत नाही, म्हणून दर दोन तासांनी नंबरांची चिठ्ठी बाहेर येते आणि टॅबवर भरली जाते. मग उरलेल्या हिरव्यांना फोन जातात. अशा चिठ्ठ्या बाहेर पाठवायला नियमाने मनाई आहे. पण माझ्या पाहण्यात एकही निवडणूक त्यांच्याविना झालेली नाही, आणि आमच्या ॲपचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग तोच आहे.

चारची चिठ्ठी आली, त्यात त्यांचा नंबर नव्हता. पाचला केंद्राध्यक्षांनी प्रतिनिधीला झापलं म्हणे, आणि त्या केंद्रावरून चिठ्ठ्या बंद झाल्या. मॅनेजर माझ्यावर ओरडत होता की या बूथचा आकडा का हलत नाही. मीही तोच आकडा बघत होतो. सव्वापाचला, साडेपाचला, सहाला. त्या मत देऊन आल्या की नाही, हे केंद्रातल्या नोंदवहीत आहे. ती वही माझ्या हातात येणार नाही, आणि यायलाही नको.

त्या रात्री मी पहिल्यांदाच सगळे शेरे उघडून वाचले. खुर्ची आणि गाडीचे होते थोडे. बाकी कुणाचं कर्ज, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाच्या मुलीचं काय. हजारो. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला होता, पण त्याचे नियम तेव्हा आलेच नव्हते. करारात आम्ही लिहून देतो की डेटा गिऱ्हाईकाचा. वाचताना मला प्रश्न पडला की हे पुसून टाकायचा अधिकार मला आहे का. मी वकिलाला विचारलं, त्याने करार वाचला आणि "नाही" म्हणाला. मी तेव्हा पुसलं नाही. निकालानंतर हार्ड डिस्क गिऱ्हाईकाला दिली, आमच्याकडची प्रत पुसली.

2025 च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्या. प्रभागवार यादी, छोटे वॉर्ड, आमच्यासारख्यांना सुगीच. नव्या ॲपमध्ये मी शेऱ्याचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी चारच पर्याय ठेवले: गाडी हवी, खुर्ची हवी, बाहेरगावी, मयत. माथ्यावरचं 'मतदारयादी' काढून 'कार्यकर्ता वही' केलं.

पहिल्याच दिवशी फोन आला. जुनंच गिऱ्हाईक, या वेळी पुतण्या उभा होता.

"भाऊ, ती लिहायची जागा कुठे गेली?"

"काढली."

"का? विधानसभेचं सगळं माझ्याकडे आहे, तेच चढवायचंय. दुसरे देतायत."

"पुढच्या अपडेटमध्ये बघतो," मी म्हणालो.