दाराची फट

रविवार, रात्री साडेअकरा

आज गाडीचं डावं दार बंद झालं. एवढं लिहून झोपलो असतो तरी चाललं असतं. पण गेल्या रविवारी वैतागून वही उघडलीच नव्हती, ती बाकी आज चुकती करतो.

गाडी १९६५ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची. हिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती: खाली दणकट सांगाडा, वर बसवलेली बॉडी. १९६२ साली एमजीबी आली ती चासीशिवाय. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून बॉडीलाच सांगाडा केलेला. त्यात डोक्यावर टप नाही. मग गाडीचं पुढचं धूड आणि मागचं धूड एकमेकांना धरून राहतं कशाच्या जोरावर? बराचसा भार दोन्ही दारांखालच्या सिलवर. सिल म्हणजे दाराचा उंबराच, पण आतून पोकळ: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंच्या मध्ये एक उभा पडदा आणि तळाशी कॅसल रेल नावाची घडीची पट्टी. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

तरीही गेल्या रविवारी पत्रा कापायचा ग्राइंडर उचललाच.

निमित्त लोहचुंबकाचं. सिलवर तो चिकटेना, हात काढला की टप्पकन फरशीवर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, थर निघाला, माझ्या करंगळीइतका जाड. त्याखाली नवा पत्रा, आणि त्या पत्र्याखाली जुना, सडका सिल तसाच! कुण्या महाभागाने कधीतरी गंजावर नुसतं झाकण ठोकून, वर लांबी फासून, रंग मारून गाडी मोकळी केली होती. त्या अनोळखी माणसाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. आतला पडदा बोटाने दाबला तर पापडासारखा मोडला. म्हटलं, यात धरून ठेवण्यासारखं उरलंय काय? चौकटीला आधार द्यायचा, मग कापायचं, हा क्रम. मी आधार द्यायचा कंटाळा केला. गाडी पुढच्या आणि मागच्या बाजूला स्टँडवर, पोटाखाली काही नाही, आणि मी पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत सिल कापत गेलो.

आवाज काही मोठा झाला नाही. भांड्यावर झाकण सरकावं तसा, एकच ‘कट्’.

मुलगी टॉर्च धरून बसली होती. तिने दार लोटून पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हे मघाशी लागत होतं ना?”

लागत होतं. आता दाराची मागची कड वरच्या कोपऱ्यात खांबावर टेकली होती आणि खाली बोट जाईल एवढी फट. गाडी मधून बसली होती. तो सडका, भोकाभोकांचा, पापडासारखा पत्रा इतकी वर्षं मुकाट्याने ओझं वाहत होता, आणि मी त्याला कुचकामी ठरवून मोकळा झालो होतो.

आठवडाभर गॅरेजचं शटर उघडलं नाही. खोटं कशाला लिहू, बुधवारी उघडलं होतं, पण कार्ब्युरेटरपाशी वेळ काढायला. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो तो कार्ब्युरेटर; या इंजिनाला एसयू कंपनीचे दोन आहेत. त्यांचा पिस्टन बोटाने वर उचलून सोडला की अलगद खाली येऊन ‘खट्’ वाजला पाहिजे. एक वाजत होता, दुसरा अर्ध्यात अडकत होता. घुमटीच्या आत जुन्या तेलाचा चिकटा बसला होता. पेट्रोलच्या फडक्याने पुसला, दोन्ही ‘खट्’ वाजले. अशा कामांनी माणूस लाडावतो. तासाभरात आजार आणि औषध दोन्ही हाती.

आज मात्र सकाळी सात वाजताच शटर वर. मधल्या आडव्या पट्टीखाली जाड फळी, फळीखाली बाटली जॅक. दांड्याला एक हलका दाब, थांबायचं, फट मोजायची. पुन्हा दाब. मुलगी फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि पट्टी घेऊन दारापाशी. तिने दारावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेनने फटीचे आकडे मिलिमीटरमध्ये मांडायला घेतले: वर ०, मध्ये ३, खाली ८. मग वर १. मग बराच वेळ काहीच हलेना, आणि मी अधीर होऊन जरा जास्त दाबलं तर एकदम वर ६! दार आता खाली घासायला लागलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जॅकचा स्क्रू केसभर सैल केला, पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी दोनच्या सुमाराला वर ४, मध्ये ४, खाली ५. कारखान्यातूनसुद्धा सगळ्या गाड्या सारख्या निघत नसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, चौकोनी लोखंडी नळीचे दोन आडवे आधार वेल्ड केले. जे गेल्या रविवारी तासाभरात झालं असतं. नवा सिल अजून नुसता शिकंज्यांत धरून ठेवलाय. दार बिजागऱ्यांवर बसलेलंच ठेवून वेल्डचे टाके मारायचे, एक इथे, एक तिथे, मध्ये पत्रा निवू द्यायचा. सलग वेल्ड ओढली तर उष्णतेने पत्रा खेचतो आणि आजचे आकडे पुन्हा पाण्यात.

आधार वेल्ड झाल्यावर जॅक काढायची हिंमत होईना. म्हटलं, राहू दे रात्रभर. ती म्हणाली, “काढा ना, मग कळणार कसं?” काढला. मोजलं. वर ४, मध्ये ४, खाली ५.

दार लावलं. कुलपाची जीभ खाचेत बसल्याचा आवाज आला. मग तिने लावलं. मग पुन्हा मी. आतून हाक येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने एकच दार उघडत-लावत होतो.

टेप तशीच ठेवलीय. रंग द्यायच्या वेळी काढावी लागेलच. उजवा सिल अजून कापायचाय, आणि ग्राइंडरची वायर मुलीने तिच्या कपाटात नेऊन ठेवलीय. आधार वेल्ड झालेले दाखवल्याशिवाय मिळणार नाही म्हणते.