थिंग म्हणजे नुसती सभा नाही

भाचीचा मध्ययुगीन इतिहासाचा पेपर आहे पुढच्या आठवड्यात, तर काल तिने संज्ञांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली मामा जरा विचार ना मला. उघडली तर लिहिलेलं, थिंग म्हणजे सभा. खाली चार ओळी सोडून, कुरुलताई म्हणजे सभा. मार्क मिळतीलही तिला, पण मला ते बघवेना, मग तासभर मीच बोलत बसलो.

आइसलँडची थिंग घ्या. सन 930 पासून दर उन्हाळ्यात बेटभरातले लोक थिंगवेलिरच्या माळावर जमायचे, दोनेक आठवडे मुक्काम ठोकून. राजा नाही, फौज नाही, आणि कायदा लिहिलेला पण नाही, तो पाठ असायचा एका निवडून दिलेल्या माणसाला, जो दरवर्षी खडकावर उभा राहून त्यातला तिसरा हिस्सा सगळ्यांना म्हणून दाखवायचा म्हणजे तीन वर्षांत अख्खा कायदा कानावरून जायचा. 1000 सालाच्या सुमारास ख्रिस्ती व्हायचं की जुनेच देव पाळायचे यावरून प्रकरण हातघाईवर आलं. तेव्हा कायदा म्हणून दाखवायचं काम थोरगेर नावाच्या माणसाकडे होतं, तो स्वतः जुन्या देवांचा, पण निवाडा दोन्ही बाजूंनी त्याच्यावरच सोडला. तो पांघरूण ओढून एक दिवस एक रात्र पडून राहिला, कोणाशी अवाक्षर नाही. उठला आणि म्हणाला कायदा सगळ्यांना एकच हवा, ख्रिस्ती होऊया, घरात गुपचूप जुन्या देवांचं करायचं त्यांनी करा. आणि लोकांनी ऐकलं! मला हा प्रसंग कितीदा वाचला तरी भारी वाटतो.

आता मंगोलांची कुरुलताई. 1206 मध्ये ओनोन नदीच्या उगमापाशी याच कुरुलताईत तेमुजिनचा चंगीझ खान झाला. इथे खडकावरून कायदा ऐकायला नाही यायचं, इथे हजेरी हीच निष्ठा. 1246 ला चंगीझच्या नातवाला, गुयुकला, खान करताना पोपचा दूत कार्पिनी तिथे होता, त्याने लिहून ठेवलंय की पांढऱ्या कापडाचा तंबू एवढा मोठा की दोन हजार माणसं मावतील, आणि सरदार पहिल्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत, दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी निळ्या, चौथ्या दिवशी भरजरी. गुयुकचा चुलतभाऊ बातू खान मात्र तब्येतीचं कारण सांगून आलाच नाही, आणि न येण्याचा अर्थ काय ते सगळ्यांना बरोबर कळलं.

दोन्हीला सभा म्हटलं की हे सगळं गेलं ना.

पुढे वहीत होतं, दारुगाची म्हणजे अधिकारी. अगं पण हा आपला दरोगा! मंगोल भाषेत दारू म्हणजे दाबणे, तर शिक्का दाबणारा तो दारुगाची, जिंकलेल्या शहरात बसवलेला खानाचा माणूस, खानेसुमारी, कर सगळं त्याच्याकडे. फारसीतून फिरत फिरत तो शब्द आपल्याकडे आला. बहाद्दर पण तिकडचाच, मंगोलांचा बागातूर म्हणजे वीर. आणि ओर्दू म्हणजे खानाची छावणी, त्यावरूनच उर्दू.

यावर ती एकदम सरसावून बसली, वही ओढून घेतली, सभा दोन्हीकडे खोडलं आणि थिंगपुढे लिहिलं, कायदा ऐकायला जमणं. कुरुलताईपुढे बराच वेळ पेन नुसतं धरून बसली होती, मग लिहिलं, न येणं परवडत नाही ती.