आईच्या पेल्याला गाडीत जागा

आईचा चहाचा पेला ठरलेला आहे. स्टीलचा, वर रुंद, खाली निमुळता, काठ बाहेर वळवलेला. बाबांनी आणलेल्या सहा पेल्यांपैकी उरलेला हा एकच. कुठंही निघालो की तो तिच्या पिशवीत असतो. टपरीवर चहा मागितला की ती पिशवीतून पेला काढून पुढं करते. कागदी कपातला चहा तिला चहा वाटत नाही, आणि मलाही ते पटतं.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. माझी मोटर वाइंडिंगची दुकानदारी आहे, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यापासून नऊ किलोमीटरवर. भाग संत्र्याचा, त्यामुळे उन्हाळाभर विहिरीवरच्या मोटारी आणि सबमर्सिबल पंप जळून येत राहतात आणि जेवायलाही फुरसत नसते. पाऊस लागला की पंप थंडावतात आणि मग मी माझी सॅन स्टॉर्म बाहेर काढतो. गोव्यात बनलेली, दोन सीटची, वरचं छत काढून ठेवता येणारी छोटी गाडी. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. कॉलेजात असताना मासिकात तिचा फोटो पाहिला होता, तो कापून वहीत ठेवला होता. २०१४ मध्ये नागपूरच्या एका गृहस्थांकडून ती घेतली, तेव्हा गिअर आणि हँडब्रेकच्या मधला कन्सोल आधीच कुणीतरी काढून टाकलेला होता. तिथं नुसती एक सपाट पत्री होती, चार स्क्रूंनी बसवलेली. इतकी वर्षं मला ती खटकली नाही, कारण मी एकटा फिरायचो आणि चहा गाडीबाहेर उभं राहूनच प्यायचो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आई म्हणाली, ढग पाहायचेत. आमच्याकडं ढग पाहायचे म्हणजे चिखलदरा. धामणगाव गढीच्या रस्त्यानं वर चढायला लागलं की हवा बदलते, साग ओले चिंब असतात आणि पावसाळ्यात वरच्या वळणांवर ढग रस्ता ओलांडताना दिसतात. घाट सुरू होण्याआधी आम्ही एका टपरीवर थांबलो. मी चहा संपवला. आईचा पेला अर्धा भरलेला होता. पाऊस भुरभुरायला लागला म्हणून ती म्हणाली, "चाल, मी बसल्या बसल्या पेईन." तिनं पेला मांड्यांच्या मध्ये धरला. तिसऱ्या वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला, आणि चहा तिच्या उजव्या मांडीवर सांडला.

साडीचं कापड गरम चहा धरून ठेवतं, हे मला तेव्हा कळलं. गाडी बाजूला घेतली. होती नव्हती ती पाण्याची बाटली त्यावर ओतली, मग दरीच्या बाजूला झऱ्यासारखं पाणी वाहत होतं, त्यात उपरणं भिजवून वीस मिनिटं ठेवलं. टूथपेस्ट लावायची नाही, तूप लावायचं नाही, गार पाणी तेवढं सोडत राहायचं, हे मला आमच्या कामातल्या भाजण्यांनी शिकवलेलं. तरी चार बोटं रुंद फोड आलाच. आई म्हणत होती, "काई नाई झालं, चाल वर." मी गाडी खाली वळवली.

त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसलो. ६० अंशाचं पाणी अंगावर पाचेक सेकंद राहिलं तरी कातडी खोलवर भाजते. पेल्यात ओतलेला ताजा चहा त्याहून कितीतरी गरम असतो. अमेरिकेत १९९२ साली एका म्हाताऱ्या बाईंचं असंच झालं होतं. नातू गाडी चालवत होता, पण तेव्हा गाडी चालू नव्हती, उभी होती. गाडीत कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी कॉफीचा कप गुडघ्यांत धरून झाकण उघडलं आणि सगळी कॉफी अंगावर आली. त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी कॉफी विकणाऱ्या कंपनीवर खटला भरला. त्या खटल्याची जगभर चेष्टा झाली, मीही कधी तरी ती ऐकून हसलो असेन. आईची मांडी पाहिल्यावर त्यातलं हसण्यासारखं काहीच उरलं नाही.

सकाळी ठरवलं, या गाडीत पेल्याला जागा करायची.

तयार मिळतात ते आधी आणून पाहिले. एसीच्या जाळीत अडकवायचा प्लॅस्टिकचा होल्डर बाटलीच्या वजनानं जाळीच्या पट्ट्या वाकवू लागला, आणि गरम चहा स्टिरिओच्या डोक्यावर धरणं मला तरी मंजूर नव्हतं. दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचा दुसरा होल्डर आठवड्यात सुटून पडला. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो, बंद गाडीत त्याहून पुष्कळ वर. तिथं टेपचा गोंद किती टिकणार?

मग उरलं स्वतः बनवणं. आणि बनवायचं तर एक नियम मी पहिल्या दिवशीच घालून घेतला: गाडीला नवं भोक पाडायचं नाही. फायबरला ड्रिल लावलं की भोकाच्या कडेनं बारीक तडे सुटतात आणि ते वर्षानुवर्षं सरकत राहतात. शिवाय त्या पत्रीखालून हँडब्रेकची केबल जाते. अशा गाड्या आता फार उरल्या नाहीत. माझ्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला मी लावलेलं सगळं स्क्रू काढून बाजूला ठेवता आलं पाहिजे. आधी मनात होतं की सीटच्या बोल्टखाली लोखंडी पट्टी घालून आधार घ्यावा. दोन दिवस विचार केला आणि ते सोडून दिलं. अपघातात सीट धरून ठेवणारा बोल्ट तो, त्याच्याखाली जाडी वाढवून त्याची पकड कमी करायची नाही. मधल्या पत्रीचे चार स्क्रू मात्र आयते होते. तेवढेच लांब घेतले.

आता मापं. पुठ्ठ्याचा एक ठोकळा केला, त्यात आईचा पेला ठेवला आणि गाडी अंगणात उभी ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला दांडी मागं येते, तेव्हा माझी बोटं पेल्याच्या काठाला लागत होती. ठोकळा मागं घेतला तर हँडब्रेक ओढायला हात आत जाईना. म्हणजे मधोमध जागाच नव्हती. मग तो आईच्या सीटकडं दोन इंच सरकवला. तिथं माझा कोपर मोकळा राहिला आणि तिच्या उजव्या हातालाही वळवावं न लागता पेला सापडू लागला. अजून एक गोष्ट अंगणातच लक्षात आली. ती पत्री पुढच्या बाजूला उतरती आहे. तिच्यावर सरळ भोकाचा ठोकळा बसवला तर पेला कायम पुढं झुकलेला राहील. म्हणून पाणसळ लावून उतार मोजला आणि ठोकळ्याच्या बुडाला उलटा उतार दिला. हे सगळं पुठ्ठ्यावर केलं म्हणून निभावलं. सहा पुठ्ठे वाया गेले, लाकूड एकदाच कापलं.

लाकूड सागाचं घ्यायचं हे ठरलेलंच होतं. परतवाडा म्हणजे सागवानाचा बाजार, मेळघाटचा साग इथून कुठं कुठं गेलाय. पण मला दुकानात जावं लागलं नाही. आमचं मातीचं जुनं घर पाडलं तेव्हा मागच्या दाराच्या चौकटीचं उभं लाकूड मी गोठ्यात ठेवलं होतं. साठ-सत्तर पावसाळे बघितलेलं, वरून काळं पडलेलं. एका टोकाला रंधा मारला आणि आत मधासारखा रंग निघाला, वासही आला. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ओल-ऊन लागून तो फारसा फुगत-आकसत नाही. गाडीत चहाही सांडणार आणि मेचं ऊनही बसणार, त्याला हेच लाकूड हवं. आईनं एकच विचारलं, "उंबरठ्याचं तं नाई न?" नाही म्हटल्यावर ती निवांत झाली. उंबरठा मीही कापला नसता.

बुडाचा ठोकळा मी घरी केला. आतली वाटी मात्र गोल, निमुळती आणि गुळगुळीत हवी, ती हातानं कोरून होत नाही. परतवाड्यात एक खरादवाले काका आहेत, पोळपाट-लाटणी, पाळण्याचे पाय असली कामं करतात. मी गेलो तेव्हा त्यांच्याकडं पाय ठेवायला जागा नव्हती. तान्हा पोळा जवळ आला होता आणि सगळीकडं लाकडी नंदीबैलांची चाकं पडली होती. मी कागद दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, पेला हातात घेऊन फिरवला.

"भाऊ, पयले पोरायचे नंदी. पोळा होऊ दे, मंग ये. घाईत केलं तं तुया पेला हलन."

मी थांबलो. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, तिसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी वाटीसाठीचा लाकडाचा तुकडा खरादाच्या चकात बांधला आणि आतून पटाशी चालवायला सुरुवात केली. दर दोन मिनिटांनी खराद बंद करायचे, पेला आत सोडायचे, कान लावून ऐकायचे. खडखड आली की अजून केसाएवढं काढायचे. मी दुकानात मोटारीच्या बेअरिंगला असाच कान लावतो, त्यामुळे त्यांचं ते थांबणं मला पुरतं कळत होतं. वाटीचं तोंड ७८ मिलिमीटर झालं, बूड ६४, खोली ७०. पेल्याचा काठ वर इतका राहिला की दोन बोटांनी उचलता यावा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटलीही त्यात नीट बसते. एक लिटरची बसत नाही, आणि ती बसवायचा प्रयत्न मी केला नाही. तिला सीटमागं जागा आहे.

वाटी ठोकळ्यात चिकटवायची की सुटी ठेवायची, यावर काकांचं आणि माझं दुमत होतं. त्यांना चिकटवलेली हवी होती. मी सुटी ठेवली, कारण चहा साखरेचा असतो, एकदा सांडला की मुंग्या येतात, आणि वाटी बाहेर काढून धुता आली तरच ती स्वच्छ राहील. बुडाला भोकही ठेवलं नाही. सांडलेलं वाटीतच राहिलेलं बरं, खाली केबलवर गेलेलं नको.

ज्यांना सागावर काम करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बुडाचा ठोकळा मी दोन तुकडे जोडून केला होता. सागाच्या तेलामुळं जोड धरत नाही, म्हणून आधी थिनरनं पृष्ठभाग पुसून लगेच अराल्डाइट लावलं आणि रात्रभर शिकंज्यात ठेवलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वरून पॉलिश न करता मी जवसाचं उकळलेलं तेल दिलं, पेंटिंगच्या दुकानात मिळतं ते. तीन हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळवण. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. चिंध्या पाण्यात भिजवा आणि अंगणात एकेक पसरून वाळवा. मी त्या तारेवर वाळत घातल्या होत्या.

गाडीत बसवून पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा आवाज आलाच. गाडी उभी असताना इंजिनच्या थरथरीनं स्टील लाकडावर बारीक किणकिणत होतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी आत लावली, आवाज गेला, पण उन्हात रबराचा वास चहाला लागू लागला. ती काढली आणि बाबांच्या जुन्या घोंगडीचा एक गोल कापून बुडाला ठेवला, कडेनंही बोटभर पट्टी दिली. लोकर वास देत नाही आणि ओली झाली तर धुता येते. गेल्या उन्हाळ्यात ती थोडी आटली, नवी कापली. लाकडाला मात्र एकही चीर गेलेली नाही. मी दर पंधरवड्यानं भिंग घेऊन पाहतो.

माझ्यासाठी दुसरी वाटी का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं. घाटात माझे हात स्टिअरिंगवर आणि गिअरवर असले पाहिजेत. मी चहा खाली उतरून पितो. आणि आईचा पेलाही आम्ही आता पाऊणच भरतो, कारण चढावर गाडीचं नाक वर होतं, आणि वाटी कितीही घट्ट असली तरी चहा तिरपा होतोच.

त्यानंतर पहिल्यांदा वर गेलो तेव्हा तिसऱ्या वळणावर मी नकळत वेग फार कमी केला. आईनं पेला वाटीत सोडला, दोन्ही हात मोकळे करून खिडकीच्या काचेवर ठेवले आणि बाहेर पाहत राहिली. देवी पॉइंटपर्यंत तिनं पेल्याला हात लावला नाही. चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे, म्हणून वर पोचल्यावर तिनं तिथली कॉफी प्यायली, अर्थात पेल्यातच. "कडू हाय," म्हणाली, आणि संपवली.

वाटी आता स्वयंपाकघरातल्या मांडणीवर राहते, पेल्याशेजारी. ती धुण्याचं काम आईनं माझ्याकडून काढून घेतलं. भिजत घालायची नाही एवढंच मी सांगितलं होतं. गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी दुकानाची चावी शोधत होतो. मांडणीवर पाहिलं तर पेलाही नव्हता आणि वाटीही नव्हती. बाहेर आलो. आई गाडीत जाऊन बसली होती, वाटी ठोकळ्यात बसवून, पेला वाटीत ठेवून.