कंबर दुखायची, गाठ निघाली वर

कंबरेचा एमआरआय नॉर्मल आला तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. माझं दुखणं मात्र जागच्या जागी. दिवसा निभायचं, रात्री आडवं झालं की कळ वाढायची आणि उठून बसावं लागायचं. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. आणि आंघोळीचं पाणी डाव्या पायाला कढत लागायचं, उजव्याला जेमतेम कोमट.

न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्याखाली हातोडी मारली तसा पाय जोरात उडाला. मग किल्लीच्या टोकानं तळव्यावर ओरखडा काढला. अंगठा खाली वळायला हवा, तो वर गेला. "कंबर सोडा, भानगड वर आहे," ते म्हणाले. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली नुसत्या नसा. त्या दबल्या असत्या तर रिफ्लेक्स (हातोडीनं पाय आपोआप उडतो ते) मंदावले असते, माझे उलट वाढले होते, म्हणजे त्रास वर रज्जूतच. कुठला स्कॅन काढायचा ते एका हातोडीनं ठरवलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

गॅडोलिनियम (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन पूर्ण पाठीचा एमआरआय झाला. छातीच्या भागात, रज्जूच्या आतच गाठ, बहुधा एपेंडिमोमा, म्हणजे रज्जूच्या मधल्या पोकळीच्या अस्तरातून वाढणारी गाठ. मेनिन्जिओमा (रज्जूच्या आवरणाची गाठ) किंवा श्वानोमा (नसेच्या वेष्टणाची गाठ) सहसा रज्जूला बाहेरून दाबतात, ते काढणं त्या मानानं सोपं. आतल्या गाठीसाठी रज्जूच मागून मधोमध उघडावा लागतो. सर्जननी आडपडदा ठेवला नाही : एपेंडिमोमाची कड बऱ्याचदा वेगळी दिसते, म्हणून पूर्ण निघायची आशा, पण त्या चिरेशेजारूनच पायांची जाणीव वर नेणारे तंतू जातात, ते दुखावतील. हातापायांना इलेक्ट्रोड लावून सिग्नल सतत बघणार, ते पडले तर थांबणार.

शुद्धीवर आल्यावर पाय हलले, पण ते कुठे आहेत ते कळेना. फिजिओथेरपिस्ट मला डोळे मिटायला लावून अंगठा वर किंवा खाली करायच्या आणि विचारायच्या. मी नुसता अंदाज ठोकायचो. चालताना नजर पावलांवर. तोंड धुताना साबणानं डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून एक हात कायम बेसिनवर. भेटायला येणारा जो तो "ताकद आली का?" विचारायचा. ताकद होतीच हो!

बायोप्सीत ग्रेड 2, म्हणजे सहसा सावकाश वाढणारी गाठ, असं आलं. गाठ पूर्ण निघाल्यामुळे रेडिएशन लागलं नाही. ती बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकते, त्यामुळे एमआरआयच्या वाऱ्या चालूच आहेत. पावलांकडे न बघता सपाट जमिनीवर चालता येतं. जिना उतरताना अजून कठडा लागतो.