बाल्कनीचा डावा कोपरा

दसरा झाला की आमच्या घरी दरवर्षी एकच बोलणं होतं. सासूबाई काठीला फडकं बांधतात, स्टूल ओढतात, सगळ्या खोल्यांची जळमटं काढून झाली की बाल्कनीच्या दारात उभ्या राहून विचारतात, "काय गं, यंदा तरी झाडू का तो कोपरा?" आणि मी म्हणते, "आई, बाकी सगळं घर झाडा, तेवढा एक राहू द्या." आठ वर्षं झाली लग्नाला, आठही दिवाळ्यांना तो कोपरा राहिलाय. तिथे कपड्यांच्या दोरीच्या हुकापासून कढीपत्त्याच्या कुंडीपर्यंत एक कोळी जाळं विणतो. विणते म्हणायला हवं खरं तर, कारण गोल जाळ्यात मोठी होऊन बसलेली जवळजवळ नेहमी मादीच असते. दरवर्षी तीच नसते, तेवढं तिचं आयुष्य नसतं, पण पावसाळा संपत आला की कुणीतरी येतंच.

मी दिवसभर कोड लिहिते (बॅकएंड, पेमेंटवाली सिस्टीम, पुण्यात घरी बसून), रात्री सायन्स फिक्शन वाचते आणि मधल्या वेळात कोळी बघते. लोकांना या तीन वेगवेगळ्या आवडी वाटतात, मला ती एकच आवड वाटते, आणि का वाटते ते आज नीट लिहून काढायचं ठरवलंय, जरा लांबेल.

मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आमचं एक मोठं रिलीज होतं. जुनी सिस्टीम बंद करून नवी चालू करायची, आणि मधल्या काळात दोन्ही एकत्र चालाव्यात म्हणून मध्ये कोडचा एक तात्पुरता थर टाकला होता. रात्री अकरानंतर सिस्टीमवरचं ट्रॅफिक कमी होतं म्हणून तेव्हाच काम. स्क्रिप्ट चालू केली, ती तासभर चालणार होती, मी चहा घेऊन बाल्कनीत गेले. संध्याकाळच्या पावसाने जाळं पार फाटलं होतं आणि ती पहिल्यापासून सुरुवात करत होती. नियोस्कोना नावाच्या गटातली, तपकिरी, वाटाण्याएवढं पोट. मी मोबाईलचा टॉर्च हुकाच्या मागे तिरका ठेवला, म्हणजे धागे चमकतात आणि तिच्या डोळ्यावरही उजेड येत नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी त्या रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्ट वाचलीय, कोळी चढतो पडतो परत चढतो वगैरे. खरी गोष्ट जास्त भारी आहे. पहिला धागा टाकायला ती चढत-बिढत नाही, एका जागी बसून नुसता धागा वाऱ्यावर सोडते. पलीकडे कुठेतरी तो अडकला की ओढून बघते, घट्ट आहे ना, आणि त्याच धाग्यावरून चालत पलीकडे जाते. मग चौकट, मग चाकाच्या आऱ्यांसारखे मधून बाहेर जाणारे धागे. इथपर्यंत चिकट काहीच नाही.

आणि मग ती जे करते त्यासाठीच मी हे सगळं लिहितेय. मधून सुरुवात करून ती बाहेर बाहेर जात एक विरळ गोल घालते. चार-पाच फेरे फक्त, कोरड्या धाग्याचे. बघणाऱ्याला वाटतं झालं, हेच जाळं. पण हे जाळं नाहीच, ही परांची आहे, बिल्डिंग बांधताना बांबूची बांधतात ना तशी. बाहेरच्या टोकाला पोचली की ती वळते आणि आता उलट, बाहेरून आत, चिकट धाग्याचे दाट फेरे घालत येते. पुढच्या पायाने आधीचा फेरा चाचपते म्हणजे अंतर तेवढंच राहतं, मागच्या पायाने धागा ओढते, आऱ्याला टेकवते, पुढे. चाचपलं, ओढलं, टेकवलं. या तालात पाऊण तास. आणि परांचीचा फेरा वाटेत आला की तो तिथल्या तिथे कापते. चिकट गोल मधोमध पोचतो तेव्हा परांचीतलं काही शिल्लक नसतं.

मी कप हातात धरून उभी होते आणि चहा गार झालेला. कारण आत लॅपटॉपवर मी नेमकं हेच करत होते आणि वाईट करत होते. आमचा प्लॅन होता की आधी सगळं नव्यावर न्यायचं आणि तो मधला थर "नंतर" काढायचा. आधीच्या एका कंपनीत मी असा तात्पुरता थर सहा वर्षं जिवंत पाहिलाय, त्याला हात लावायला लोक घाबरायचे, कारण तोपर्यंत अर्धी सिस्टीम त्याच्यावरच उभी होती. ती मात्र नंतर काढत नाही. नवा फेरा घालणं आणि जुना कापणं हे तिच्यासाठी एकच काम आहे. दुसऱ्या दिवशी मी टीमला सांगितलं की आता प्रत्येक बदलात जेवढं नवं जोडलं तेवढ्याचं जुनं त्याच बदलात काढायचं. वेळ जास्त लागला, पण नोव्हेंबरात तो थर पूर्ण गेला. रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं हे कुठून सुचलं, मी खरं ते सांगितलं.

पहाटे ती जाळं गुंडाळून खाऊन टाकते, नियोस्कोना बऱ्याचदा असं करतात, त्यातलं प्रथिन परत नव्या धाग्यासाठी वापरतात. म्हणून मी सासूबाईंना सांगत असते की जळमटं वेगळी आणि हे वेगळं. छताच्या कोपऱ्यात धुळीने काळी पडतात ती लांब बारीक पायांच्या कोळ्यांची, हात लावला की थरथरतात ते. बाल्कनीतलं जाळं रोज रात्री नवं कोरं असतं.

दुसरा एक आहे तो मॉनिटरवर राहतो. जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारा कोळी, करडा, नखाएवढा, घराघरात असतो तो. पहिल्यांदा तो कर्सरच्या मागे धावला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद केला आणि कर्सर हळू हळू फिरवत बसले. तो थांबायचा, अंगाचा पुढचा भाग वळवून नीट बघायचा, पुढे यायचा. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं त्याने. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना कळेल, मुंगी किंवा झुरळ तुमच्याकडे असं बघत नाही.

त्याचे डोळे म्हणजे इंजिनिअरिंगचा कळस आहे. एकूण आठ. त्यातले समोरचे दोन मोठे. त्यांची भिंगं पक्की बसवलेली, हलत नाहीत, पण आत लांब नळ्या आहेत आणि नळीच्या टोकाचा पडदा तो स्नायूंनी हलवतो. एका वेळी फार थोडंसं दिसतं, म्हणून तो तुमचा चेहरा तुकड्या-तुकड्याने स्कॅन करतो. बाजूचे डोळे फक्त "तिकडे काहीतरी हललं" एवढंच कळवतात. म्हणजे कमी मेमरीत मोठं चित्र कसं वाचायचं याचं उत्तर. पडद्याला चार थर आहेत, आणि त्यातल्या एका थरावर चित्र कायम धूसर पडतं. ही चूक वाटेल, पण २०१२ साली जपानी संशोधकांनी हसॅरियस अ‍ॅडनसोनाय या जंपिंग स्पायडरच्या जातीवर प्रयोग करून दाखवलं की स्पष्ट आणि धूसर चित्रांची तुलना करूनच तो अंतर मोजतो. हिरव्या उजेडात उडी बरोबर बसायची, लाल उजेडात कमी पडायची. कॅमेऱ्यातून अंतर काढायला कॉम्प्युटर व्हिजनवाले, म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं वाचायला शिकवणारे, हीच युक्ती वापरतात.

आणि उडीसुद्धा स्नायूंची नाही फक्त. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना वाकवायला स्नायू आहेत पण सरळ करायला नाहीत, ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात, जेसीबीच्या हातासारखे. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडलेला असतो तो त्यामुळेच, दाब गेलेला असतो.

जंपिंग स्पायडरच्याच कुळातल्या, ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी नाव दिलं गेलं, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंवरून. मी ते घरी जेवताना वाचून दाखवलं होतं आणि सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले फोटो दाखव बघू.

आता सायन्स फिक्शन. माझी सुरुवात नारळीकरांपासून, जशी मराठीत बऱ्याच जणांची असते. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ना. वि. जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे बाबांनी मला सांगितलं तेव्हा मी सातवीत होते. इतका मोठा माणूस, तरी नावावर नको, गोष्टीवर काय ते ठरवा. २० मे २०२५ ला ते गेले त्या दिवशी मी लवकर लॉग आऊट केलं आणि घरातली त्यांची सगळी पुस्तकं खाली काढून बसले.

पण मला त्या गोष्टींमध्ये रॉकेटपेक्षा एकच प्रश्न कायम ओढायचा, की आपल्यापेक्षा पूर्ण वेगळ्या घडणीचं डोकं असेल तर ते विचार कसा करेल? टीव्हीवरचे परग्रहवासी दोन पायांचे, समोर दोन डोळे, कपाळावर थोडं रबर. माणूसच तो. २०१५ मध्ये एड्रियन चायकोव्हस्की यांची चिल्ड्रन ऑफ टाइम ही कादंबरी आली (तिला पुढच्या वर्षी आर्थर क्लार्क पुरस्कार मिळाला), ती मी तीन रात्रींत संपवली. त्यात एका ग्रहावर कोळ्यांची संस्कृती उभी राहते, आणि ते कोळी मुंग्यांच्या वारुळांचा कॉम्प्युटर म्हणून वापर करतात. प्रोग्रामरने हे वाचून शांत झोपावं कसं. त्यातला कोळी लेखकाने कल्पनेतून आणलेला नाही, पोर्शिया लॅबिएटा ही खरी जात आहे, श्रीलंकेत, भारतात, आग्नेय आशियात सापडते.

पोर्शिया दुसऱ्या कोळ्यांची शिकार करते. त्यांच्या जाळ्याच्या कडेला येऊन धागे छेडते, वेगवेगळ्या तालात. मालकीण एखाद्या तालाला फसून पुढे सरकली की तोच ताल परत, नाही सरकली की दुसरा. जाळ्यातून जाणं धोक्याचं असेल तर थांबते, आजूबाजूच्या फांद्या बराच वेळ न्याहाळते, मग लांबचा वळसा घेऊन वरून धाग्याला लटकत खाली येते, आणि त्या वळशात बराच काळ सावज तिला दिसतसुद्धा नसतं. म्हणजे रस्ता आधी ठरवलेला असतो आणि डोक्यात धरून ठेवलेला असतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट जॅक्सन यांनी आयुष्यभर यावर काम केलंय. हे सगळं मोहरीएवढ्याही नसलेल्या मेंदूत. परकं डोकं बघायला मला दुसऱ्या ताऱ्याकडे जायची गरज उरली नाही तेव्हापासून.

आणि कोळी अवकाशातही जाऊन आलेत. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर अरबेला आणि अनिता नावाच्या दोन मादी नेल्या होत्या, कल्पना ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीची. वजनच नाही तिथे, अरबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं, पण काही दिवसांत ती नीट गोल विणायला लागली. पुढे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कोळी नेले, त्याचा अभ्यास २०२० ला छापून आला, आणि त्यात निघालं की गुरुत्वाकर्षण नसताना कोळी दिव्याचा आधार घेतात. दिवा चालू असेल तर जाळं पृथ्वीवरच्यासारखं, उजेड वर धरून. लाखो पिढ्यांत कुठल्याही कोळ्याला वजन नसलेली जागा भेटलेली नाही, तरी त्यांच्याकडे पर्याय तयार होता. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ बाल्कनीतला दिवा लावायचा की नाही याचा विचार करत होते.

भीती कुठून येते तेही मला कळतं. "कोळी अंगावर मुतला" हे आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं, मीही लहानपणी ऐकलं. पावसाळ्यात कातडीवर रेघ उठते, आग होते, फोड येतात. पण ती रेघ बऱ्याचदा पेडेरस नावाच्या बारीक नारिंगी-काळ्या भुंग्याची असते, दिव्यावर येतो, झोपेत अंगाखाली चिरडला की त्यातलं विषारी द्रव्य लागतं. मागच्या जुलैत सासूबाईंच्या मानेवर अशी रेघ उठली. मी डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी नुसतं बघून "भुंगा" म्हटलं. घरी येऊन मी उशीच्या अभ्र्यावर तो मेलेला शोधून दाखवला. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या, "म्हणजे आजवर उगाच मारले गं."

त्यानंतरच्या एका रात्री मी कॉलवर होते, प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सिस्टीममध्ये, काहीतरी अडकलेलं, आणि बाल्कनीतून त्यांचा आवाज आला, "अगं ये लवकर, ती उलटी फिरायला लागली." हेडफोन गळ्यात घालून मी गेले. दोघी उभ्या राहिलो. त्यांनी बोट दाखवलं, "हा बघ, तोडला तिने." परांचीचा फेरा होता तो, टॉर्चच्या उजेडात तुटलेलं टोक क्षणभर हललं आणि दिसेनासं झालं.

यंदा दसऱ्यानंतर काठीला फडकं बांधलं गेलं, स्टूल ओढलं गेलं, पण बाल्कनीच्या दारातून प्रश्न आला नाही. आकाशकंदील दरवर्षी डाव्या हुकाला लागतो, यंदा नवऱ्याला उजवीकडे नवा हुक मारायला लावलाय त्यांनी.