आयोना: मठावरून परत फिरू नका, गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत चाला

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाचं एक चिमुकलं बेट आहे. लांबी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या निम्म्याहून कमी, वस्ती दोनशेच्या आत. ५६३ साली कोलंबा नावाचा आयरिश संत बारा साथीदारांना घेऊन इथे उतरला, त्याने मठ उभा केला आणि हे बेट तीर्थक्षेत्र झालं. काळाचा अंदाज मुंबईकराला सहज येईल. आपल्या घारापुरीची लेणी साधारण त्याच शतकातली मानतात.

आयोनाला येणारे बहुतेक जण सकाळी ओबन या मुख्य भूमीवरच्या बंदरातून निघतात, दुपारी मठ पाहतात, बोटीची वेळ झाली की धावत धक्क्यावर येतात. पण कोलंबाचा पाय जिथे बेटाला लागला ती जागा मठापाशी नाहीच. ती बेटाच्या पार दक्षिण टोकाला आहे, गोट्यांनी भरलेल्या एका खाडीत. तिथे रस्ता जात नाही, वाहन जात नाही. चालतच जावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्या आयोनाचं सार त्या चालण्यात आहे.

माझ्याबरोबर लालबागची मावशी होती. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालणारी बाई. घरात सगळ्यांनी तिला विचारलं, चर्च बघायला इतक्या लांब कशाला? ती म्हणाली, "देऊळ मागाहून बांधतात रे. संताचे पाय जिथे लागले तिथवर जायचं." आमचा बेत त्या वाक्यावरच ठरला.

आधी पोचायचं कसं ते सांगतो. मुंबईहून ग्लासगोला थेट विमान नाही. दुबईमार्गे गेलात तर लंडनला न उतरता ग्लासगो गाठता येतं आणि वयस्कर माणसांना ते सोयीचं पडतं. ब्रिटनच्या व्हिसाचं अर्ज केंद्र मुंबईतच आहे आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा उशीर करू नका. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून ओबनची गाडी घ्यायची. तीन तासांचा प्रवास, तळी आणि डोंगर यांच्यामधून. गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, त्यामुळे लोकलच्या सवयीने "ही गेली तर पुढची" असं म्हणू नका. त्या रात्री ओबनलाच राहा.

ओबनहून मोठी बोट मल नावाच्या बेटावरच्या क्रेगन्यूरला पाऊण-एक तासात पोचवते. धक्क्यावर बस उभी असते. ती मल बेट आडवं पार करून सव्वा तासात फिनफोर्टला आणते. रस्ता एका गाडीपुरताच रुंद, समोरून कोणी आलं की एकाने बाजूच्या रुंद जागेत थांबायचं. फिनफोर्टहून छोटी बोट दहा मिनिटांत आयोनाला टेकते. बाहेरच्यांना बेटावर गाडी न्यायची परवानगी नाही, त्यामुळे धक्क्यावर उतरताच पहिल्यांदा जाणवते ती शांतता. बोट, बस आणि पुन्हा बोट या वेळा एकमेकांना जोडून ठेवलेल्या असतात. पण वारा वाढला की बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवाच.

आता मुख्य वाट. धक्क्यावरून एका बाजूने साधारण चार किलोमीटर अंतर आहे. मुंबईच्या हिशेबात हे काहीच नाही, पण अर्धी वाट दलदलीची आणि दगडांची आहे. जाऊन-येऊन तीन ते साडेतीन तास धरा आणि किनाऱ्यावर बसायला निदान एक तास वेगळा ठेवा. बरेच जण हाच तास धरत नाहीत आणि मग पोचल्या पोचल्या मागे वळतात.

धक्क्यावरून डावीकडे, दक्षिणेला, समुद्राच्या कडेने जाणारा डांबरी रस्ता घ्या. लगेच पांढऱ्या वाळूची छोटी खाडी लागते. तिला हुतात्म्यांची खाडी म्हणतात. ८०६ साली व्हायकिंगांनी या बेटावर ६८ जणांना मारलं, ते इथेच, असं परंपरा सांगते. थोडं पुढे रस्ता उजवीकडे वळून बेट ओलांडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर येतो. इथपर्यंत चाल अगदी सोपी. मुलं, आजी-आजोबा, कोणीही येऊ शकेल.

रस्ता संपतो तिथे एक फाटक आहे. ते उघडलं की आपल्यामागे लावून घ्यायचं, कारण आत मेंढ्या आणि गाई चरत असतात. समोर किनाऱ्यालगतचं सपाट हिरवंगार कुरण पसरलेलं दिसतं. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येऊन साचते आणि तिच्यावर असं कुरण तयार होतं. मे-जूनमध्ये ते रानफुलांनी भरून जातं. याच कुरणावर गोल्फचं मैदानही आहे, तेव्हा कोणी खेळत असेल तर थांबून त्याचा फटका होऊ द्या. उजवीकडे उघडा अटलांटिक. लाटा आपल्या अरबी समुद्रासारख्या गढूळ नाहीत. पाणी काचेसारखं हिरवं आणि बर्फासारखं गार.

समुद्र उजव्या हाताला ठेवून कुरणाच्या दक्षिण टोकापर्यंत जायचं. तिथून दगडधोंड्यांची पायवाट वर चढते. चढ छोटाच आहे, कान्हेरीच्या पायऱ्या चढणाऱ्याला त्रास होणार नाही. चढ संपला की एक एकाकी तळं लागतं. वाट खरी कठीण होते ती तळ्यापासून पुढे. हेदरची झुडपं, मधे काळी दलदल, आणि पाट्या फारशा नाहीत. हिरवं, मऊ, लुसलुशीत दिसेल तिथे पाय टाकू नका. खाली पाणी असतं आणि बूट घोट्याच्या वर बुडतो. तांबूस झुडपांवरून किंवा दगडांवरून चाला. मावशीच्या हातात वारीतली काठी नव्हती, म्हणून ओबनला चालायच्या दोन काठ्या घेतल्या होत्या. त्या काठीने ती आधी जमीन टोचून बघायची, मग पाऊल टाकायची. तुम्हीही तेच करा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. धुकं उतरलं तर मुकाट्याने मागे फिरा, वाट उद्याही तिथेच असणार आहे.

मग एका वळणावर दोन टेकड्यांच्या मधून एकदम समुद्र दिसतो. उतरत गेलं की आधी गवताचा हिरवा पट्टा आणि त्याच्यापुढे गोटेच गोटे.

वाळू जवळजवळ नाहीच. मुठीएवढे, अंड्याएवढे, वाटाण्याएवढे, सगळे घासून गुळगुळीत झालेले. लाट मागे सरली की लाखो गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि त्याचा खडखडाट छातीत घुमतो. आपण मुंबईची माणसं काळ्या दगडावर वाढलेलो. इथे काळा सोडून बाकी सगळे रंग आहेत. पांढराशुभ्र गारगोटीचा दगड, समोरच्या मल बेटाचा गुलाबी ग्रॅनाइट, पट्ट्यापट्ट्यांचा करडा नाइस नावाचा खडक. आयोनाचा हा नाइस दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. आपला सह्याद्रीचा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.

आणि हिरवा. त्याच्यासाठी लोक गुडघ्यांवर बसून तासन् तास शोधतात. सर्पेंटाइन नावाच्या खनिजामुळे त्याला पिवळसर हिरवी झाक येते. कोरडा असताना तो मळकट दिसतो, नजर त्याच्यावर ठरत नाही. ओला करून उन्हाकडे धरला की कडेने प्रकाश आरपार जातो. म्हणून लाट नुकतीच सरलेल्या पट्ट्यात शोधा. मावशीने एक गोटा तळहातावर घेतला, पदराने पुसला, तर तो विझला. पाण्यात बुडवला, परत पेटला. असं तिने चार वेळा केलं. त्या दगडाला कोलंबाचे अश्रूही म्हणतात, आणि तो जवळ असला की माणूस बुडत नाही अशी तिथली जुनी समजूत आहे. दर्यावर पोट असलेल्या लोकांना अशी श्रद्धा का लागते, हे आपल्या कोळीवाड्यांत वेगळं सांगावं लागत नाही.

किनाऱ्यावर गोट्यांचे मोठाले ढीग दिसतात. साधूंनी प्रायश्चित्त म्हणून ते रचले असं सांगतात. जवळच गवताचा एक लांबट उंचवटा आहे. कोलंबाची बोट त्याच्याखाली पुरली आहे, असं लोक मानतात. ती बोट म्हणजे वेताचा सांगाडा आणि वर ताणलेलं कातडं. तशा बोटीतून त्या पाण्यावर तेरा माणसं आली, हे तिथे उभं राहूनच उमगतं. पश्चिमेला एक टेकडी आहे. कोलंबाने तिच्यावर चढून पाहिलं, आयर्लंड दिसत नाही याची खात्री केली आणि मगच इथे राहायचं ठरवलं, अशी कथा आहे. मायदेश दिसत राहिला तर मन तिकडेच ओढ घेणार, म्हणून. मावशीला ही कथा फार लागली. कोकणातलं गाव सोडून ती चाळीत आली तेव्हा पहिली काही वर्षं गावी जायचं टाळत होती, हे मला तिने तिथे पहिल्यांदा सांगितलं.

या किनाऱ्यावर यात्रेकरूंचा एक रिवाज आहे. दोन गोटे उचलायचे. जे मागे टाकायचं ते मनात धरून एक समुद्रात फेकायचा, आणि नव्या सुरुवातीची खूण म्हणून दुसरा जवळ ठेवायचा. धर्म कुठलाही असो, कोणी विचारत नाही. मावशीने बूट काढले, गवतावरून अनवाणी पाण्यापर्यंत गेली, हात जोडले आणि गोटा फेकला. काय टाकलं ते मी विचारलं नाही. जवळ ठेवायला एकच छोटा गोटा पुरे. पिशव्या भरून नेणारेही दिसतात. कृपा करून तसं करू नका, हा किनारा पुढच्यांसाठीही आहे. आणि पाण्यात उतरायचा मोह टाळा. उतार एकदम खोल जातो, पायाखालचे गोटे सरकतात, मदतीला जवळपास कोणी नसतं.

वाटेवर कुठेही दुकान, नळ किंवा स्वच्छतागृह नाही. ती सोय धक्क्याजवळच उरकून निघा. पाण्याची बाटली आणि खाणं बरोबर हवं. शाकाहारी माणसांनी मुंबईहून मेतकूट, सुक्या चटण्या, चिवडा न्यावा. मात्र दूध-तुपाचे पदार्थ आणि मांस भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, पेढे-बर्फी घरीच ठेवा. बेटावर एक किराणा दुकान आहे, तिथे पाव, चीज, फळं मिळतात. छत्री अजिबात नको. तो वारा आपल्या मरीन ड्राइव्हच्या जुलैतल्या वाऱ्याला मागे टाकतो. डोकं झाकणारं जलरोधक जाकीट, तशीच पँट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि लोकरी मोज्यांचा जादा जोड घ्या. जूनमध्येही अंगावर स्वेटर लागतो. मे-जून उत्तम, रात्री दहापर्यंत उजेड असतो, घाई करावी लागत नाही. हिवाळ्यात राहायच्या बहुतेक जागा बंद असतात.

मठ परतल्यावर पाहा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. आजची दगडी वास्तू कोलंबाच्या काळची नव्हे, पण दारासमोरचा सेंट मार्टिनचा उंच क्रूस आठव्या शतकापासून वाऱ्यापावसात उभा आहे. मठाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट मात्र आम्हा गिरणगावकरांना जवळची वाटली. १९३८ साली ग्लासगोच्या गोवन या जहाजबांधणीच्या वस्तीतले धर्मगुरू जॉर्ज मॅक्लाउड यांनी बेकार कारागिरांना आणि तरुण पाद्र्यांना इथे आणलं आणि पडक्या इमारती त्यांच्या हातांनी उभ्या करायला घेतल्या. काका १९८२ च्या संपानंतर गिरणीबाहेर राहिलेले. मावशी त्या भिंतींना हात लावून बराच वेळ उभी होती. जीर्णोद्धाराच्या त्या कामातून निघालेली आयोना कम्युनिटी ही ख्रिस्ती संस्था उन्हाळ्यात बेटभरची पायी यात्रा काढते आणि ती या गोट्यांच्या किनाऱ्यालाही जाते. एकट्याने दलदल ओलांडायची भीती वाटत असेल तर तिच्यात सामील व्हा. वार आणि वेळ मठात विचारा.

वेळ उरला तर स्टाफा बेटाची बोट घ्या. सहा कोनी बसाल्टचे खांब पाहून आपला अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवतोच, त्याची जात तीच.

मुक्काम आयोनावरच करा, निदान दोन रात्री. दुपारी चारनंतर दिवसाची माणसं बोटीने निघून जातात, आणि दक्षिणेची वाट तुम्हाला मोकळी मिळते ती तेव्हा. खोल्या मोजक्या आहेत, दोन हॉटेलं, एक वसतिगृह आणि काही घरगुती सोयी. उन्हाळ्यासाठी त्या कितीतरी महिने आधी भरतात. म्हणून आधी बेटावरची खोली पक्की करा, त्या तारखांना धरून ओबनचं आणि विमानाचं तिकीट काढा. गुडघे दुखत असतील तर दोन महिने आधीपासून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दर रविवारी तीन तास चाला, पावसात मिळालं तर आणखी चांगलं. मावशीने हेच केलं होतं, आणि दलदलीत ती माझ्या पुढे होती.